वाटी, गादी आणि वही



१९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पेशंटला ती वाटणी कधीच मान्य झाली नाही. पारोळ्याचा माणूस एक मत जळगावात घेतो, दुसरं धुळ्यात, आणि दोन्ही फायली पिशवीत घालून नाशिक गाठतो. आज अस्थिरोगतज्ज्ञांच्या या मेळाव्यात ही दोन्ही मतं एका मांडवात बसली आहेत. स्वागताध्यक्ष म्हणून मला याचा फार आनंद आहे.

आपल्या ओपीडीत आजी येतात, ‘मना गुडघा दुखस’ म्हणतात आणि लगेच विचारतात, ‘वाटी बदलावी लागेल का?’ खरं तर आपण मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक धातूनं मढवतो, मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतो. वाटी पुष्कळदा आहे तशीच राहते. हे समजावण्यात माझी उमेद गेली. आता मीही वाटीच म्हणतो.

या शस्त्रक्रियेची भीती मोडली ती ऑक्टोबर २००० मध्ये. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. मग ‘अटलजींनी केली ना’ एवढं म्हटलं की निम्मं समुपदेशन आटोपायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरवली आणि कापूस विकून गुडघा करायला येणाऱ्यांचा हिशेब थोडा तरी जुळू लागला.

पण त्या गुडघ्यांचं पुढे काय झालं? स्वीडननं १९७५ पासून बदललेल्या गुडघ्यांची देशभराची नोंदवही ठेवली. कोणता सांधा टिकला, कोणता लवकर सैल झाला, हे त्यांना वहीतून कळलं. आपली वही आपल्या डोक्यात असते. टाके काढायला आलेला पेशंट दहा वर्षांनी काय करतो, कुणाला ठाऊक! बरा असेल तर येत नाही. बरा नसेल तर दुसरीकडे जातो. आणि आपण दोघांनाही यशात धरतो.

शिवाय आपला गुडघा वेगळ्या कामाचा आहे. सपाट रस्त्यानं साधं चालतानाही त्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. रावेर-यावलच्या बागेत ओल्या सरीतून केळीचा घड वाहणाऱ्या मजुराच्या गुडघ्याचं गणित कुणी केलं आहे? चुलीपुढे उकिडवं बसणाऱ्या, निंदणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईला ‘खाली बसू नका’ सांगणं सोपं आहे. ती घरी जाऊन खालीच बसते. सांधा बनवताना मुळात डोळ्यांपुढे होती ती खुर्चीवर बसणारी माणसं, आणि आपल्या बायकांच्या हाडांची मापंही लहान. तेव्हा आपली मापं आपणच घ्यायला हवीत.

दुखापतींचंही खरं चित्र आपल्याला उशिराच कळतं. सुरत-नागपूर महामार्गावर दुचाकीवरून पडलेला मुलगा येतो. मोडलेलं हाड दिसतं, तुटलेला लिगामेंट सूज उतरेपर्यंत लपून राहतो. कबड्डीतला खेळाडू तर आधी मालिशवाल्याकडे जातो, गुडघा तीनदा निसटल्यावर आपल्याकडे.

इथे एक कबुली देतो. गुडघ्यातली गादी काढून टाकली की सांधा झिजतो, हे फेअरबँक यांनी १९४८ मध्येच क्ष-किरणांवरून दाखवलं होतं. ते वाचलेलं असूनही उमेदवारीच्या काळात फाटलेल्या गाद्या मी अख्ख्या काढल्या आहेत, आणि पेशंट आठवड्यात चालू लागला म्हणून खूशही झालो आहे. त्यांतले काही जण पुढे वाटी बदलायला माझ्याकडेच आले. तेव्हा वही ठेवली असती तर हे मला पंधरा वर्षं आधी कळलं असतं.

म्हणून स्वागत समितीनं या वेळी पुष्पगुच्छ रद्द केले आहेत. प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरी नोंदवही आहे: पेशंटचं वय, काम, सांध्याचं माप, आणि एक, पाच, दहा वर्षांनी केलेल्या फोनचे रकाने. निवासी डॉक्टरांनो, दहाव्या वर्षाचा फोन तुम्हाला करायचा आहे. तेव्हा आम्ही नसू किंवा तुमचे पेशंट असू.

दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली आहेत. पंगत केळीच्या पानावर, जमिनीवर. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी बाजूला टेबलं मांडली आहेत. कोण कुठे बसतं, हे आम्ही वहीत टिपून घेणार आहोत.