पोरगं कुणाचंही असो



कोयता आपल्याला नवा नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या हाताला तो रोजचाच. पण पुण्यात ‘कोयता गँग’ हे नाव झालं आणि कोवळी पोरं त्यात सापडू लागली.

मागं आमच्या गटातली एक बाई हप्ता भरल्यावरही उठेना. सगळ्या गेल्यावर म्हणाली, “ताई, पोराच्या गादीखाली कोयता सापडला. सोळा वर्षांचं पोर. पोलिसांत गेले तर त्याचं वाटोळं, गप्प बसले तर दुसऱ्याच्या पोराचं.”

आम्ही दोघी त्याच्याजवळ बसलो. ओरडलो नाही. तासाभरानं बोलला. शेजारच्या वस्तीतल्या एका ‘भाऊ’नं कोयता सांभाळायला दिला होता.

कायदा इथं समजून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय मंडळापुढं नेतात. पण सोळा पूर्ण झालेल्यानं अतिगंभीर गुन्हा केला, तर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. आणि पोरांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्यांना २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. खरा गुन्हेगार तो ‘भाऊ’. आई, मी आणि पोरगा, तिघं ठाण्यात गेलो, कोयता जमा केला.

पण भाऊ एका गावचा, पोरगं दुसऱ्या गावचं. बजाजनगर म्हणतं रांजणगावची पोरं, रांजणगाव म्हणतं जोगेश्वरीची. आपण हद्दी मोजतो, टोळी मोजत नाही.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात चाकूबाजी फार होती. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी ती साथीच्या रोगासारखी धरली. शाळा, दवाखाने, समाजसेवक सोबत घेतले. पोरांना धाकासोबत काम आणि आधारही दिला. २०१८ मध्ये लंडननं त्यांचाच धडा गिरवला. एवढी मोठी शहरं एकमेकांकडून शिकतात, मग आपली चार गावं का नाही?

म्हणून महिन्यातून एकदा या गावांच्या गटांनी एकत्र बसावं. शाळा सुटलेल्या पोरांची नावं काढावीत. ती चारचौघांत फोडू नयेत. आयटीआयचा फॉर्म भरायला सोबत जावं. ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक सरपंचांकडं मागावी. अडलं तर १०९८ लावावा.

ते पोरगं अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण संध्याकाळी घरी असतं. त्याची आई आता हप्ता भरून लगेच उठते.