गाडीची काच आणि प्रकाशाचा हिशेब

गाडीची काच अर्धी खाली करा आणि तिच्यामागे पांढरा कागद धरा. कागद जरा हिरवट दिसेल. काचेचा हा रंग वरून लावलेला नसतो. काच वितळवतानाच तिच्यात लोहाचे ऑक्साइड मिसळलेले असते. त्यामुळे उन्हाची धग थोडी कमी होते.

पण काच कितीही गडद चालत नाही: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. आता हिशेब पाहा: ७० टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर तेवढाच प्रकाश सोडणारी फिल्म लावली, तर उरतो ४९ टक्के! म्हणून फिल्मचा आकडा एकटा पाहू नका. कारण रात्री, पावसात रस्त्यावरचा पादचारी वेळेवर दिसणे महत्त्वाचे आहे.