शालूतला चोरखिसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींपुढे बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलेमाकले पोटात घाला. मला सांगायचे आहे ते एका खिशाबद्दल.

माझ्या मुलीला नवव्या वर्षापासून मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. (गोड खाल्ल्याने हा होत नाही, हे शेजारणींना सांगून मी थकले!) ती पंप वापरते. काड्यापेटीहून थोडे मोठे यंत्र. त्यातून बारीक नळीने पोटाच्या कातडीखाली दिवसरात्र थोडेथोडे इन्सुलिन जाते.

सलवार-कमीजमध्ये अडचण नव्हती. साखरपुड्याला साडी नेसवली आणि घोटाळा झाला. निऱ्या सुटू नयेत म्हणून मीच परकराची नाडी करकचून आवळली. तिच्याखाली नळीचे टोक मुडपले. संध्याकाळी पोरीला उलट्या, साखर ३५० च्या वर! पंपातले इन्सुलिन लवकर उतरणारे; ते थांबले की काही तासांतच रक्तात आम्ल साठू लागते. डॉक्टरांना विचारून पेनने इन्सुलिन दिले, नळी बदलली, तेव्हा कुठे रात्री उतार पडला.

आता लग्नाचे काय? नात्यातल्या एक वडील बाई म्हणाल्या, "एक दिवस काढून ठेवा की! फोटोत दिसेल." मी उत्तर दिले नाही. शिवणयंत्र पुढे ओढले.

शालूच्या पोलक्याला आतून डाव्या कुशीला सुती चोरखिसा शिवला, वर टिचबटण. ही बाजू पदराखाली झाकते, आणि पंगतीत बसल्या बसल्या पदराआड हात घालून जेवणाचे इन्सुलिन घेता येते. पोलके तिथे बोटभर सैल ठेवले. नळीची जागा नाडीच्या चार बोटे वर घेतली. हळदीच्या तेलाने चिकटपट्टी सुटते, म्हणून न्हाणे झाल्यावरच नवी नळी बसवली. आठ दिवस आधी शालू नेसवून तिला तीन तास घरात वावरायला लावले. उठबस, वाकून नमस्कार, सगळे. होमापुढचा पाट वीतभर मागे घेतला, कारण धगीने इन्सुलिन बिघडते.

मंगलाष्टकांत पंपाने टुंटुं केलेच! भटजींना वाटले, कुणाचा मोबाईल. जावईबापू मात्र हसले. लग्न ठरतानाच आम्ही काही लपवले नव्हते.

दिवाळसणाला मुलगी आली ती विहीणबाईंनी दिलेल्या साडीत. रात्री घडी घालताना पोलके उलटून पाहिले, तर डाव्या कुशीला खिसा. टाके माझ्यापेक्षा बारीक होते.