ओलांड बेटांची स्वायत्तता



बाल्टिक समुद्रात, स्वीडन आणि फिनलंड यांच्या दरम्यान, ओलांड नावाचा हजारो बेटांचा पुंजका आहे. वस्ती तीस हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. भाषा स्वीडिश, राज्य मात्र फिनलंडचे.

1809 साली स्वीडनने फिनलंडसह ही बेटे रशियाच्या झारला दिली. 1917 मध्ये फिनलंड स्वतंत्र होऊ लागताच बेटवासीयांनी सात हजारांवर सह्यांचा अर्ज स्वीडनच्या राजाकडे धाडला : आम्हांला परत घ्या! फिनलंडने 1920 मध्ये स्वायत्ततेचा कायदा पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. सुंडब्लूम आणि ब्यर्कमान या त्यांच्या पुढाऱ्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेले. 1921 मध्ये निकाल लागला तो असा, की सार्वभौमत्व फिनलंडचे. पण भाषा, चालीरीती आणि जमीन यांच्या रक्षणाची हमी बेटांना. लोकमत एकीकडे आणि निकाल दुसरीकडे! आणि गंमत अशी, की 1922 मध्ये पहिले विधिमंडळ भरले तेव्हा सुंडब्लूम त्याचे सभापती झाले आणि ब्यर्कमान सरकारचे प्रमुख.

नको असलेली ही स्वायत्तता शंभर वर्षे टिकली कशी? आमच्या मते मुख्य कारण दोन कलमांत आहे. पहिले म्हणजे, विधिमंडळाच्या संमतीवाचून फिनलंडच्या पार्लमेंटला हा कायदा बदलता येत नाही. दिल्याघेतल्याची मर्जी इथे संपते. दुसरे, स्थानिकत्वाचा हक्क. तो नसेल तर परवानगीखेरीज जमीन घेता येत नाही आणि विधिमंडळासाठी मतही देता येत नाही. बाहेरून आलेल्या फिनलंडच्या नागरिकालासुद्धा तो पाच वर्षे राहून आणि स्वीडिश शिकूनच मिळतो. हे कठोर आहे खरे. पण मूठभर लोकांची भाषा जमीन विकली की किती दिवस राहील, याचा विचार करावा. तिजोरीची बाजू मात्र लंगडी आहे. बहुतेक कर फिनलंडच वसूल करतो व त्यांतला वाटा परत देतो.

बेटांवर तटबंदी करायची नाही, हे बंधन 1856 पासूनचे आहे. 1940 च्या कराराने त्यावर देखरेखीसाठी रशियाला मारिएहाम या राजधानीत वकिलात ठेवण्याचा हक्क मिळाला. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला चढवला, 2023 मध्ये फिनलंड नाटोत गेला, आणि ती वकिलात बंद करा अशी मागणी होऊ लागली. संताप आम्ही समजू शकतो. पण जुन्या करारांतला एक धागा ओढला, तर बेटवासीयांची हमी ज्या कागदांवर उभी आहे त्यांचे काय होईल, हा प्रश्न त्या तीस हजारांना पडला, तर त्यांना भित्रे म्हणता येणार नाही.