दाक्षिण्य : तलवारीचं आणि अळणी भाजीचं



मी संगणकवाली. साहित्यावर बोलायला मला उभं केलं, याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटतंय. विषय मिळाला 'साहित्य-सिनेमातला शूर नायक'. त्याचा एकच गुण घेते, दाक्षिण्य.

'स्त्रीदाक्षिण्य' म्हटलं की एसटीत उठून जागा देणारा सज्जन आठवतो. संस्कृत नाट्यशास्त्रातला 'दक्षिण नायक' मात्र दुसरीवर जीव जडल्यावरही पहिलीशी गोड वागणारा! म्हणजे शब्द पहिल्यापासून थोडा संशयास्पदच.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. समकालीन कागदपत्रांत तो प्रसंग सापडत नाही. पण मोगलांच्या बाजूने लिहिणारा, महाराजांना दूषणं देणारा खाफीखानसुद्धा कबूल करतो की बायकांना उपद्रव द्यायचा नाही, अशी त्यांची सक्त आज्ञा होती. शत्रूची साक्ष मला गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

त्यातही आपण खानदेशातले. त्या काळी आपण मोगलांच्या सुभ्यात, कारभार बऱ्हाणपूरहून. धरणगावला इंग्रजांची वखार होती आणि १६७० च्या दशकात मराठी फौजांनी धरणगाव लुटलं. सिनेमा बघताना आपण घोडेस्वाराबरोबर दौडतो. आपले पूर्वज मात्र बहुधा दाराला कडी लावून आत बसलेले असणार. कडीमागच्या बाईला नायकाच्या संवादांशी काय देणं-घेणं? ती आज्ञा शेवटच्या शिपायापर्यंत पोचली आहे का, एवढाच तिचा प्रश्न. भालजी पेंढारकरांपासून 'पावनखिंड'पर्यंत मी आवडीने पाहिलं, पण कॅमेरा त्या दाराआड क्वचितच गेला.

दुसरा नायक तलवार नसलेला. साने गुरुजी आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्या पुस्तकात अळणी भाजीचं प्रकरण आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलंही गप्प. शेवटी आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. भरिताच्या पंगतीत मीठ कमी पडलं तर आपल्याकडे काय गलका होतो, ते आठवा म्हणजे या वडिलांची थोरवी कळेल.

पण अशाच मायेचा मला एकदा फटका बसला. पहिल्या नोकरीत परगावी रात्रपाळीची एक जोडणी होती. साहेब भले गृहस्थ; बाईमाणसाला कशाला त्रास, म्हणून त्यांनी माझं नाव परस्पर वगळलं. पुढच्या वर्षी बढती मिळाली ती तिथे जाऊन आलेल्यांना. श्यामच्या वडिलांची भाजी शिजून झाली होती, गप्प बसण्यात माया होती. माझ्या बाबतीत चूल पेटायची होती. विचारता आलं असतं.

'सैराट'मध्ये (२०१६) नागराज मंजुळेंनी सगळं उलटं केलं. बुलेट आर्ची चालवते, पळताना पिस्तूलही तीच चालवते. थिएटरात शिट्ट्या पडल्या. पण शेवटी लुटारू बाहेरून येत नाहीत. घराण्याच्या अब्रूचे रखवालदार म्हणवणारे भाऊबंदच भेटी घेऊन येतात आणि आर्ची त्यांच्यासाठी चहा टाकते. रखवालीची ही दुसरी बाजू आपल्या पोवाड्यांत येत नाही.

सर, बाई, सुभेदाराच्या सुनेची गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगायचात. आज पुन्हा सांगा. मला आठवते त्या गोष्टीत ती एकही शब्द बोलत नाही. या खेपेला तिला दोन वाक्यं द्या.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. थांबते.