डोंगराची टोपी



हिमालयात बर्फ डोंगर घडवतो. सरकत्या बर्फात अडकलेले दगड कानशीसारखे खडक घासतात आणि दऱ्या रुंदावतात. आपल्या बेळगावात बर्फ नाही. इथली टोपी जांभ्याची. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक पावसाने कुजत हा तांबडा थर झाला. निपाणीची काळी, तंबाखूची जमीनही त्याच खडकाची; तिथे पाऊस कमी. उघड्यावर जांभा घट्ट होतो, माथा झिजू देत नाही. सच्छिद्र असल्याने पाणी मुरवून पायथ्याचे झरे जगवतो. आम्ही त्याच चिऱ्यांची घरे बांधली, त्याच झऱ्यांचे पाणी प्यालो. माथा खणला की विहीर आटते. म्हणून पुढच्या बांधकामाला चिरा घेताना, तो कुठल्या माथ्यावरचा, एवढे तरी विचारू या.

गणपती बाप्पा मोरया!