मेक्सिकोचा चितारी पोसादा
(भाषण)



राजांची व पंडितांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकली. आज एका कारागिराची हकिगत ऐका. होझे ग्वादालुपे पोसादा हा मेक्सिको देशातील आग्वासकालिएंतेस शहरी १८५२ साली एका पाव भाजणाऱ्याच्या घरी जन्मला. थोरला भाऊ शिक्षक. त्याने त्यास अक्षरओळख करून दिली. पुढे पोरगा शिळाछापखान्यात उमेदवारीस लागला. १८७१ साली, एकोणिसाव्या वर्षी, 'एल हिकोते' म्हणजे 'गांधीलमाशी' या पत्रात त्याने व्यंगचित्रे काढून स्थानिक पुढाऱ्यांना डंख मारले.

१८८८ साली तो मेक्सिको शहरी आला व व्हानेगास आरोयो या छापखानदाराची चित्रे करू लागला. खिळ्यांच्या धातूवर तो कोरणीने चित्र कोरी. पुढे जस्ताच्या पत्र्यावर खास शाईने रेखाटन करी. तेजाबात बाकीचा भाग खाल्ला जाई आणि रेघा उठून राहत. भूकंप, फाशी, खून, संत, गाणी, सारे त्या स्वस्त कागदांवर छापून बाजारात विकले जाई. ज्यास वाचता येत नसे, तोही चित्र पाहून बातमी जाणी.

दरसाल नोव्हेंबरात तिकडे मृतांचा सण असतो. त्यासाठी पोसादा हाडांचे सापळे काढी: सापळा शेटजी, सापळा सरदार, सापळा हमाल. मरणापुढे उच्चनीच कुठले? त्याची एक कवटी पिसांची भलीमोठी फ्रेंच टोपी घालून हसते. आपले मूळचे देशी रक्त लपवून युरोपियनांचा डौल मिरविणाऱ्यांची ती थट्टा आहे. वरच्यांची नक्कल करून मोठे होऊ पाहणारे आपल्यातही नाहीत काय?

असा हा माणूस २० जानेवारी १९१३ रोजी दारिद्र्यात वारला. त्यास गरिबांच्या जागेत पुरले. सात वर्षांनी अस्थी मागावयास कोणी आले नाही, म्हणून त्या सामायिक खड्ड्यात गेल्या. चित्रे मात्र छापखान्यातून निघतच राहिली. काम जगले, नाव बुडाले!

१९२० नंतर ज्यां शार्लो या चित्रकाराने त्याचा शोध लावला. १९३० साली त्याच्या चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. दिएगो रिवेरा याने १९४७ साली रंगविलेल्या भिंतीवर पोसादाला त्या टोपीवाल्या कवटीशेजारी उभे केले. थोर चित्रकार ओरोस्को तर शाळकरी वयात त्याच्या खिडकीशी थांबून काम पाही आणि धातूचा कीस उचलून नेई. त्याची चित्रकलेची पहिली शाळा ती खिडकीच!

बंधूंनो, विद्या व कला कोणाच्या कुळात कोंडलेली नाही. ती भट्टीपाशी, ऐरणीपाशी, चाकापाशीही जन्मते. पण तिचा हिशेब आपण ठेवला नाही, तर दुसरा कोण ठेवणार? तुमच्या गावी कोणा सुताराने रथ कोरला असेल, कोणा चिताऱ्याने भिंत रंगविली असेल, कोणा जुळाऱ्याने आपल्या पत्राचे खिळे जुळविले असतील. त्यांची नावे आजच लिहून ठेवा. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारा. उद्या अस्थी मागावयास कोणी आले नाही, असे आपल्या कारागिरांविषयी होऊ देऊ नका.